ताईचा पाच अक्षरांचा शब्द

आमची पिठाची गिरणी घराच्या पुढच्या खोलीतच होती, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूवर, माणसांच्या भुवयांवरसुद्धा, बारीक पांढरी पूड असायची. सकाळी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पट्टा चढवून मोटर सुरू केली की मधल्या खोलीतल्या फळीवरचे पितळी पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागायचे. ते दिवसभर चालायचं. दुपारी लाइट गेली की एकदम शांतता, आणि मग साऱ्या कोरीट गावाचे आवाज घरात शिरायचे: हापशाच्या दांड्याचा करकराट, कोंबड्या, समोरच्या ओट्यावर बायकांच्या गप्पा. माय आम्हाला त्याच वेळात जेवायला वाढायची. दादरची भाकर, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर तेलाची धार. दादर म्हणजे आमच्याकडची हिवाळी ज्वारी. तिची भाकर मी पुढे पुष्कळ ठिकाणी खाल्ली, पण गिरणीतून नुकत्याच पडलेल्या कोमट पिठाची चव कुठं आली नाही. माझ्या लेकीला हे सांगितलं की ती म्हणते, पीठ ते पीठ. असेल.

ताईचं नाव ज्योती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बारावीत इंग्रजीनं तिला एकदा आडवं पाडलं होतं. दुसऱ्या खेपेला जेमतेम सुटली आणि नंदुरबारच्या कॉलेजात जायला लागली, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं की धाकट्या बहिणीवर ही पाळी येऊ द्यायची नाही. पाठांतर मला जमायचं नाही. म्हणून तिनं एक खेळ काढला. गिऱ्हाईक नसलं की गिरणीतल्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर जे पीठ बसलेलं असायचं, त्यात ती बोटानं रेघा ओढायची. चार रेघा म्हणजे तिच्या मनात चार अक्षरांचा इंग्रजी शब्द आहे. मी एकेक अक्षर विचारायचं, तिनं फक्त शे की नही, म्हणजे आहे की नाही, एवढंच सांगायचं.

"ई शे?"

"शे."

"ए?"

"नही."

"ओ?"

"शे. आते डोकं चालाव."

आधी कोणकोणती अक्षरं आहेत ते काढायचं, ती कुठं बसतात ते मागाहून बघायचं, ही तिची पद्धत. ई, ए, टी ही अक्षरं आधी विचारावीत, बहुतेक शब्दांत त्यातलं एखादं सापडतंच, हेही तिनंच शिकवलं. मी हरले की त्या दिवशी तिच्या वाटची भांडी माझ्याकडे. हल्ली माझी मुलगी मोबाइलवर असाच काहीसा पाच घरांचा खेळ खेळते, त्यात घरं हिरवी-पिवळी होतात. अडली की हाक मारते, "आई, पाच अक्षरं, यात एच आणि टी आहे, सांग ना." मी सांगते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. तिला वाटतं मला कामाची घाई असते.

माझी दहावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि थंडी ओसरत होती. ताईचं पोट चार-पाच दिवस बिघडलं, मग बरं झालं. त्यानंतर तिच्या पावलांना मुंग्या यायला लागल्या. आम्ही हसलो, म्हटलं, एसटीत उभं राहून राहून होत असेल. एके संध्याकाळी कॉलेजातून येताना एसटीच्या पायरीवर तिचा पाय उचलला गेला नाही, कंडक्टरनं हात धरून वर ओढलं. सकाळी तिच्या हातातून चहाचा पेला सुटला. तो उचलायला ती वाकली आणि तशीच खाली बसली, तिला उठता येईना. अण्णांनी गिरणी बंद केली, शेजाऱ्यांची जीप आणली, आणि दुपारच्या आत आम्ही नंदुरबारला एका खासगी दवाखान्यात होतो.

डॉक्टर तरुण होते, समजावून बोलायचे. नसांना सूज आली आहे, म्हणाले. हा आजार पायांकडून वर चढत जातो. बहुतेक माणसं यातून उठतात, पण किती वर चढेल आणि उतरायला किती वेळ घेईल ते कुणीच सांगू शकत नाही. तो चढला. कमरेपर्यंत, हातांपर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत. ताईच्या गालांत बळ राहिलं नाही, पाणी गिळता येईना, बोलणं घोगरं आणि मग अगदी बारीक झालं. माय तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसली होती. "माय, मन्हा आवाज जाई ऱ्हायना," एवढं तिनं म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही तिचा आवाज ऐकला नाही. श्वास अडखळायला लागला तसं गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि यंत्र लावलं. सुरतेला नेण्याचा विषय निघाला, पण वाटेत यंत्र काढावं लागेल आणि तेवढी जोखीम घेण्यासारखी तब्येत नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. त्या दवाखान्यात तसं यंत्र एकच होतं. लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सिस्टर एक रबरी फुगा हातानं दाबत राहायच्या, आणि आम्ही सगळे त्या फुग्याकडे बघत आपापला श्वास धरून उभे असायचो.

दवाखान्याच्या मागे थोड्या अंतरावर मिरचीच्या पथाऱ्या होत्या. नंदुरबारात हंगामात अशी मैदानंच्या मैदानं लाल मिरचीनं झाकलेली असतात. वारा तिकडून फिरला की वॉर्डातल्या सगळ्यांना ठसका लागायचा, डॉक्टरसुद्धा रुमाल काढायचे. ताईला खोकता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायचं आणि छातीत काहीतरी घुरघुरत राहायचं, मग सिस्टर यायच्या आणि नळीतून कफ ओढून घ्यायच्या. माय ओल्या लुगड्याचं टोक खिडकीच्या फटीत कोंबून ठेवायची.

खांडबाऱ्याहून मामा आले तो दिवस मला विसरता येत नाही. ते खाटेशी उभे राहिले, भाचीकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे पुसत मायला म्हणाले, "हाई काय जगणं शे बहीण? तिले घर लई चल. जे व्हवानं व्हई ते आपला घर व्हई." नळी काढून तिला घरी न्यावं, असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यात बाटली बदलत असलेल्या सिस्टर वळल्या. त्यांना सगळे पावरा सिस्टर म्हणायचे, धडगावच्या वरच्या पाड्यातल्या होत्या आणि शाळेत शिकलेलं शुद्ध मराठी हळूहळू बोलायच्या. "मामा, बाहेर जाऊन बोला," त्या म्हणाल्या. "तिला सगळं ऐकू येतं. हात-पाय गेलेत, डोकं नाही गेलेलं."

मी ताईच्या चेहऱ्यावर वाकले. तिचे डोळे तेवढे हलत होते. "ताई, तुले ऐकू येस का? येत व्हई ते वर देख." तिचे डोळे वर गेले. पार वर, पांढरं दिसेपर्यंत. म्हणजे आम्ही इतके दिवस तिच्या उशाशी बसून जे काही बोललो होतो, वाचेल का, नाही वाचली तर काय, मागच्या वर्षी आलेलं स्थळ, गावात कोण काय म्हणतं, ते सगळं तिनं ऐकलं होतं. मामा भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडायला लागले.

वर पाहिलं म्हणजे हो, स्थिर राहिलं म्हणजे नाही, एवढं ठरलं. पण पुढे काय विचारायचं? पाणी? दुखतं का? घरची आठवण येते का? आमचे प्रश्न दोन मिनिटांत संपले आणि तिच्या डोळ्यांतलं मागणं तसंच राहिलं. मी क, ख, ग म्हणत गेले. पण आपली अक्षरं केवढी, त्यावर काना, मात्रा, वेलांटी. 'ट'पर्यंत पोचेस्तोवर तिची नजर थकून खाली आली. तेव्हा मला आमचा खेळ सुचला. इंग्रजीची अक्षरं सव्वीसच. मी विचारलं, "किती अक्षरं? एक, दोन, तीन, चार..." चारला नजर वर गेली. मग ई नाही, ए नाही, टी हो. अशी टी, आर, यू, एन मिळाली. टर्न. मी सिस्टरना सांगितलं आणि आम्ही तिघींनी मिळून तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं. जिच्यावर ती पडून होती त्या बाजूची खुब्याची कातडी लाल, पिकल्यासारखी झाली होती. मायनं तिथं हात ठेवला आणि तिला हुंदका आवरेना. "इतला दिन सांगी ऱ्हायनी व्हती," ती म्हणत होती, "इतला दिन डोयाघाई सांगी ऱ्हायनी व्हती, आन् मी मायच, मले समजनं नही."

तोवर माझे पेपर सुरू झाले. परीक्षेचं केंद्र नंदुरबारलाच होतं. पेपर सुटला की मी थेट दवाखान्यात, आणि संध्याकाळच्या शेवटच्या एसटीनं अण्णांबरोबर कोरीटला. माय चोवीस तास तिथंच. तिला मराठी चौथीपर्यंत वाचता यायचं, इंग्रजीचं एकही अक्षर नाही. मी असेन तेवढा वेळ ताई बोलायची: पाय सरळ करा, डोळ्यात औषध घाला, पंखा बंद. तिच्या स्पेलिंगच्या चुका मला पाठ होत्या, त्यामुळे अडत नसे. निघायची वेळ झाली की तिची नजर माझ्यावर रुतायची. मला वाटायचं, बहीण जाते म्हणून वाईट वाटत असेल.

एका संध्याकाळी मी पिशवी खांद्याला लावली तेव्हा तिनं एकदम डोळे वर केले. बोलायचंय. "किती अक्षरं?" पाच. मी घाईघाईनं विचारायला लागले. ई, हो. ए, हो. टी, हो. आय नाही, ओ नाही, एस नाही. एच, हो. चार मिळाली, एकच उरलं होतं, आणि तेवढ्यात वारा फिरला. सगळे खोकायला लागले, ताईची छाती घुरघुरली, यंत्राची घंटी वाजायला लागली. सिस्टरनी मला बाजूला सारलं. कफ ओढणं चाललं होतं तोवर अण्णा दारातून म्हणाले, "मनी, गाडी निघी जाई. सकाय पेपर शे ना?" बाहेर पडताना मी वळून पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

एसटीत खिडकीला डोकं टेकून मी ती चार अक्षरं जुळवायला लागले. बाहेर गव्हाची कापणी चालली होती. व्हीट. गहू. पण गव्हाशी तिचं काय काम? आर घातला तर अर्थ, पृथ्वी. तोच आर घेऊन हार्ट. हार्ट! तिला छातीत काही होतंय का? मी तशीच सोडून आले का? मग बी आठवला. बाथला पुढे ई लावला की आंघोळ घालणं. तसं असेल, अंग चिकट झालं असेल तिचं. मी त्याच शब्दाला धरून बसले होते, पण मनात आणखी एक अक्षर केव्हाचं उभं होतं आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते. डी. डी, ई, ए, टी, एच. मामांनी तिच्यासमोर बोललेलं मला आठवलं. नळी काढा, असं तर ती मला सांगत नव्हती? आणि हे ती मायला सांगू शकत नाही, डॉक्टरांना नाही, म्हणून मला सांगत होती?

घरी आल्यावर अण्णांनी चूल पेटवली. त्यांना फक्त खिचडी यायची. मी ताटापुढे बसले आणि रडायला लागले. "अण्णा, ताई मरण मांगी ऱ्हायनी," मी म्हटलं, आणि अक्षरं सांगितली. अण्णांना त्यातलं काही कळलं नाही, पण मरण हा शब्द कळला. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. गिरणीवर एवढी वर्षं उभं राहिलेला माणूस तो, आवाज नेहमी चढा. त्या दिवशी इतकं हळू बोलले की मला पुढं सरकावं लागलं. "तिनी मांगं तरी मी देवाऊ नही," ते म्हणाले. "तिले सांग, अण्णा देस नही." मग उठून बंद गिरणीत जाऊन बसले. खिचडी तशीच गार झाली.

सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. पेपरला वेळ होता. वॉर्डाच्या दारातच पावरा सिस्टर भेटल्या. त्यांची ड्यूटी संपत होती. "तुझी बहीण काल खूप त्रासात होती," त्या म्हणाल्या. "तू गेल्यापासून, कुणी काही विचारलं नसतानाही, तिचे डोळे सारखे वर जात होते. थांबायचेच नाहीत. झटके येतात की काय वाटलं, म्हणून मी डॉक्टरांना फोन केला. झोपेचं इंजेक्शन दिलं मग." माय खाटेपाशी जमिनीवर बसली होती, दोन्ही हात डोक्याला. काय झालं ते मला तिला विचारवेना.

ताई जागी होती. मी तिच्या समोर उभी राहिले. आणि विचारलं, "कालना शब्द. डी शे त्यामा?"

तिचे डोळे स्थिर राहिले.

मी पुन्हा विचारलं. डी? स्थिर. मागे अण्णा उभे होते, त्यांना मी नुसती मान हलवून नाही म्हणून सांगितलं, आणि ते खाटेचा लोखंडी दांडा धरून खाली बसले. आर? नाही. म्हणजे हृदयही नाही. डब्ल्यू नाही, बी नाही. सी? डोळे वर गेले. सी, एच, ई, ए, टी. चीट, म्हणजे फसवणूक. कोण फसवतंय? मग वाटलं, आमच्या केंद्रावर खिडकीतून कॉप्या पुरवतात, त्याबद्दल बजावत असेल. "मी कॉपी करस नही ताई," मी म्हटलं. तिनं डोळे स्थिर ठेवले, आणि त्यांत असा राग होता की आजारपणाआधीची ताई मला एका क्षणात दिसली. मी तीच अक्षरं पुन्हा फिरवली. टी पहिलं? हो. ई दुसरं? हो. टीच.

"टीच? शिकव? तू मले काय शिकाडशी आते?"

नाही. तिनं नजर माझ्यावरून काढली आणि खाली नेली, मायकडे. मग माझ्याकडे, आणि दारात उभ्या असलेल्या सिस्टरकडे. पुन्हा मायकडे. आणि वर, वर, वर.

तेव्हा मला कळलं. मी गेल्यावर त्या खोलीत तिच्याशी बोलणारं कुणी उरत नव्हतं. संध्याकाळच्या एसटीपासून दुसऱ्या दिवशीचा पेपर सुटेपर्यंत ती त्या अंगात एकटी कोंडलेली असायची. काल ती मायला हाका मारत होती. डोळे वर करून, पुन्हा पुन्हा. आणि त्या हाकांवर तिला झोपेचं इंजेक्शन मिळालं होतं.

मी एक्स-रेचं मोठं पाकीट घेतलं आणि त्याच्या पाठीवर मराठीतच लिहिलं: ए, बी, सी, डी. ठळक, एकाखाली एक. माय मागे सरकली. "मले इंग्लिश येस नही, बाई."

"तुले येवाले नको. तू फक्त इचार. ती वर देखनी का ते अक्षर हातवर लिखी ले. मंग सिस्टरले दखाड."

पावरा सिस्टर पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या, त्या परत आल्या आणि मायच्या शेजारी बसल्या. "मलाही सांग," म्हणाल्या. "रात्रीच्या सगळ्यांना मी शिकवते." माय पाकिटावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली. जी आणि जे तिला एकच वाटायचे. डब्ल्यू तिला म्हणता येईना, ती त्याला डबल्या म्हणाली. पहिल्या खेपेला तिनं पाच अक्षरं काढली आणि त्यांचा कशाशी काही मेळ बसेना. ती पाकीट बाजूला ठेवायला लागली तसे ताईचे डोळे तिच्यावर खिळले. मायनं ते पुन्हा मांडीवर घेतलं. मी पेपरला उशिरा पोचले, पर्यवेक्षकांनी आत घेतलं. भूमितीचा पेपर होता, त्यात काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

पेपर संपवून आले तेव्हा ताईच्या पायांवर जाड घोंगडी होती. बाहेर ऊन तापलेलं. मी विचारायच्या आधी मायनं तळहात पुढे केला. निळ्या पेनानं चार अक्षरं: सी, ओ, एल, डी. "सिस्टरनी सांगं, थंडी," माय म्हणाली. "पाय गार पडी जायेल व्हतात तिना. मी हात लाई देखा, बरफ." ती तळहात मिटून घेत होती आणि पुन्हा उघडत होती.

ताई वाचली. उन्हाळ्यात तिच्या उजव्या हाताचा अंगठा हलला, मग यंत्र सुटलं, मग आवाज आला, आधी कुजबुजल्यासारखा. पुन्हा चालायला तिला वर्षाच्या वर लागलं. आज ती नवापूरला आहे, घर, मुलं सगळं आहे, फक्त चालताना डावं पाऊल जमिनीवर आपटतं. माय आता नाही. त्या दिवसांबद्दल ताई सहसा बोलत नाही. एकदाच, मी तिच्याकडे गेले असताना, भाजी निवडता निवडता म्हणाली, "मराना भेव नही वाटना, मनी. आठे कोणलेच मन्ही भाषा येस नही, त्यानं वाटना."

माझा शेवटचा पेपर झाला त्या दुपारचं मात्र सांगायचं आहे. मी वॉर्डात शिरले तेव्हा माय शब्द काढत होती, मध्ये बोलायचं नाही म्हणून मला हातानंच थांबवलं. आतापर्यंत ती चांगली सरावली होती. एस. एल. ई. ई पुन्हा? पुन्हा. पी. तिनं तळहात सिस्टरना दाखवला. सिस्टर म्हणाल्या, "झोप." मायनं खिडकी लोटली, ताईच्या कपाळावरचे केस मागे सारले. "झोप बेटा. मी बठेल शे आठे."

ताईचे डोळे स्थिर.

"झोप नही उनी तुले?"

स्थिर.

"मंग कोणले?" मायनं माझ्याकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, "मले?"

ताईचे डोळे वर गेले.

दवाखान्यात आल्यापासून मायनं कधी पाठ टेकलेली मी पाहिली नव्हती. तिनं लहान मुलीला रागावल्यासारखं तोंड केलं. मग खाटेखालची सतरंजी ओढली, पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळली. थोड्याच वेळात तिचा श्वास जड झाला. मी तिच्या जागेवर बसले, पाकीट मांडीवर घेतलं आणि ताईकडे पाहिलं. तिला काहीच सांगायचं नव्हतं. ती खाली, सतरंजीवरच्या मायकडे बघत होती, आणि बराच वेळ तशीच बघत राहिली.